जोतीरामच्या गुळगुळीत खाचा

१९७४च्या जूनमध्ये साताऱ्याच्या एका वाचनालयाने माझा जाहीर सत्कार केला. माझ्या हातून आजवर झालेल्या चुकांची यादी मी तिथूनच सुरू करतो.

मे महिन्यात राजस्थानात अणुस्फोट झाला होता. मी तेव्हा मुंबईत अणुशक्तीच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होतो. माझ्या वडिलांना एवढे पुरले. नारायणराव म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीतले निवृत्त अव्वल कारकून. दुसऱ्याच्या अर्जावर एक सही कमी असली तरी त्यांनी आयुष्यभर तो परत केला, पण मुलाच्या बाबतीत कसलाही पुरावा न मागता "तो बाँब आमच्या चिंतामणनेच उडवला" असे पेठेत सांगून टाकले. मी घरी पोचलो तेव्हा शाल, श्रीफळ आणि कंदी पेढे तयार होते. मला खरे सांगता आले असते. पण मी उभा राहिलो आणि गंभीर चेहरा करून म्हणालो, "गोपनीयतेमुळे मला फार बोलता येणार नाही." एवढ्या टाळ्या मला पुढे कधीच मिळाल्या नाहीत. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला लोक लागतात. मी स्वतःच शिडी लावून चढलो.

खरे असे होते की मी लोखंड मोडत होतो. अणुभट्टीच्या पोटात एक जाड पोलादी भांडे असते. त्याच्यावर वर्षानुवर्षे न्यूट्रॉनचा मारा होतो आणि पोलाद हळूहळू ठिसूळ होत जाते, सायकलची ट्यूब उन्हात पडून तडकते तसे. ते किती ठिसूळ झाले हे कळायला हवे, नाहीतर एखाद्या दिवशी भांडेच तडकायचे. म्हणून त्याच पोलादाचे बोटाएवढे चौकोनी तुकडे करतात, प्रत्येकाच्या मध्यावर टोकदार खाच पाडतात आणि लोलकासारखा झुलणारा जड हातोडा त्यावर सोडतात. तुकडा मोडायला किती जोर लागला ते काटा सांगतो. काही तुकडे कोरे मोडायचे, बाकीचे दीड वर्ष भट्टीत ठेवून मग जाड काचेआडून, लांब लोखंडी हातांनी मोडायचे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे किरणोत्साराने पोलादाचे जे खाल्ले ते. हे काम महत्त्वाचे आहे, पण सत्काराला उभे राहून सांगण्यासारखे नाही. "काय करता?" "तुकडे मोडतो." यावर शाल कोण देणार?

त्या पावसाळ्यात आम्हाला असे साठ तुकडे हवे होते आणि आमच्या कारखान्यात कामाची रांग लागली होती. मी साहेबांना सुचवले की सांगलीला माझ्या ओळखीचे एक वर्कशॉप आहे, तिथे उत्तम काम होते. ओळख एवढीच होती की वर्कशॉपचे मालक लालासाहेब माझ्या सत्काराला खास सांगलीहून आले होते. सरकारी खर्चाने सातारामार्गे सांगलीला जायचे आणि जाता-येता मान घ्यायचा, हा खरा हेतू. साहेबांनी होकार दिला, आणि मी पोलादाच्या पट्ट्या घेऊन निघालो.

तिथे मला जोतीराम भेटला. वय पंचेचाळीसच्या आसपास, कानाजवळचे केस पिकलेले, पंधरा वर्षे फौजेच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवून पेन्शनवर आलेला. पाय जुळवून सलाम ठोकायची सवय अजून गेलेली नव्हती. हाताखालून निघालेला प्रत्येक नग तो डोळे मिटून अंगठ्याच्या नखाने चाचपायचा. कुठे कोपरा बोचला की पुन्हा मशीनवर. नटबोल्ट असो नाहीतर उसाच्या चरकाचा दांडा, त्याचा नियम एकच: "तान्ह्या पोराच्या हातात दिलं तरी कापाय नगं." त्यामुळे त्याचे काम इतरांपेक्षा दीडपट वेळ खायचे. लालासाहेब कुरकुरायचे, पण गिऱ्हाईक त्याचेच नाव घेऊन यायचे. त्याचे गाव वडूजच्या पलीकडे, सांगलीपासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. तरी तो गावच्या जत्रेलासुद्धा जात नसे. का विचारले तर म्हणे, सुट्टी मिळत नाही. लालासाहेब म्हणत, तो सुट्टी मागतच नाही.

मी ड्रॉइंग त्याच्यापुढे पसरले. त्याने ते बराच वेळ पाहिले आणि खाचेवर बोट ठेवले.

"सायेब, ह्ये नग कुठं बसायचं?"

भोवती सात-आठ कामगार उभे होते. लालासाहेबांनी आल्या आल्या माझ्या गळ्यात हार घातला होता आणि तो अजून गळ्यातच होता. अशा वेळी "हे मोडायचे आहेत" असे सांगायला जीभ वळेना. मी म्हणालो, "अणुभट्टीत. थेट तिच्या पोटात."

ते खोटे नव्हते. साठांपैकी अठ्ठेचाळीस तुकडे पोटात जाणारच होते.

जोतीरामचा चेहरा उतरला. "मंग ह्या खाचंचा कोपरा आसाच धारंवर सोडायचा?"

"ड्रॉइंगप्रमाणे करा," मी म्हणालो. "ते वरच्या पातळीवर ठरलेलं असतं."

एक अख्खे वाक्य बोलायचे मी टाळले. तुकडा खाचेपाशीच मोडावा म्हणून ती टोकदार ठेवतात, भांड्यात कधी बारीक चीर गेली तर तिचे टोकही तसेच तीक्ष्ण असते, हे मी त्याला दोन मिनिटांत समजावू शकलो असतो. तो शाळेत सातवीपर्यंत शिकलेला होता, पण पोलादाचे त्याला माझ्याहून जास्त कळत होते. मला घाई होती, लालासाहेबांकडे मटणाचे जेवण होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी माल घ्यायला गेलो. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली होती आणि लेथला अजून झेंडूची माळ होती. माझे साठही तुकडे पाटावर मांडून त्यांनाही हळदकुंकू वाहिलेले! मी हादरलो. भट्टीत हळद गेली तर काय होईल, या विचाराने मी दोन तास बसून एकेक तुकडा पेट्रोलने पुसला. इतका काटेकोर शास्त्रज्ञ सांगलीने पाहिला नसेल. पुसताना खाचांचे तळ दिसत होते. आरशासारखे गुळगुळीत. मी खोली मोजली, बरोबर दोन मिलिमीटर. लालासाहेबांना म्हणालो, "असं काम मुंबईत होत नाही." आणि तपासणीच्या कागदावर सही ठोकली. मुंबईला आमच्याकडे सावली पाडून खाचेचा तळ मोठा करून दाखवणारे यंत्र होते. त्याखाली तुकडे धरायचे असा नियम होता. सही आधीच झाल्यामुळे मला त्याची गरज वाटली नाही.

डिसेंबरात बारा कोरे तुकडे मोडले. मोडले म्हणजे, दहा मोडले. दोन तुकड्यांवर हातोडा आपटून थांबला आणि ते नुसते वाकले. आकडे अपेक्षेच्या कितीतरी वर आले. साहेबांनी भुवया उंचावून विचारले, "खात्री आहे ना?" मी म्हणालो, "शंभर टक्के." मग रात्रंदिवस खपून अहवाल लिहिला की आपले पोलाद जगात उठून दिसेल असे चिवट आहे. वडिलांना पत्र टाकले. त्यांनी दुसऱ्या सत्काराची चौकशी सुरू केली.

जानेवारीतल्या एका गुरुवारी मी पेढ्यांचा पुडा घेऊन सांगलीला वर्कशॉपवर हजर झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मुंबईत उरलेले अठ्ठेचाळीस तुकडे एका नळीत घालून तिचे तोंड वेल्ड करणार होते. मग नळी भट्टीत. दीड वर्षाने ती बाहेर निघाली की आतल्या तुकड्यांना हात लावायची सोय नसते, खाच बदलायची तर नाहीच नाही.

जोतीरामला पेढा दिला आणि मोठ्या मनाने म्हणालो, "तुमच्या तुकड्यांनी कमाल केली. दोन तर मोडलेच नाहीत!"

पेढा त्याच्या हातातच राहिला. "मोडलं न्हाईत म्हंजी? मोडाय कशाला गेला हुता?"

आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. अहवाल झाला होता, मी मोठा माणूस झालो होतो. मी त्याला हातोड्याचे, काट्याचे, सगळे सांगितले. तो ऐकत राहिला. मग त्याने लेथ बंद केला.

"सायेब, म्या त्या खाचंचं कोपरं मारल्यात."

"म्हणजे?"

"हत्याराचं टोक गोल केलं. वरनं त्येल लावून दगडानं घासलं. साठच्या साठ. मला वाटलं, भट्टीच्या पोटात बसणारा नग, आन् त्येला आसा धारदार कोपरा? तिथनंच फुटायचा. सायेब पोरसवदा हाय, ड्रॉइंगात चुकलं आसंल, बोलाय गेलं तर मानसांत त्येचा आपमान हुईल. म्हून गुमान सुदारून दिलं."

तो माझी चूक झाकत होता. माझी अब्रू सांभाळत होता. मी शेजारच्या खोक्यावर बसलो. गुळगुळीत खाचेचा तुकडा सहजी मोडत नाही, हे मेटलर्जीच्या पहिल्या वर्षाचे पोरगेही सांगेल. चमत्कार पोलादाचा नव्हता, दगडाचा होता. ते तुकडे भट्टीत गेले असते तर दीड वर्षाने आकडे पुन्हा छानच आले असते. कुणीतरी त्यांच्या भरवशावर म्हटले असते, भांडे ठणठणीत आहे, चालू द्या.

आणि तरीही, मला सांगायला लाज वाटते, माझ्या मनात पहिला विचार आला तो झाकल्या मुठीचा. हे आम्हा दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हते. कागदावर माझी सही होती. आपणहून साहेबांना सांगायचे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

"बघू," मी म्हणालो. "आत्ता लगेच कुणाला काही बोलू नका."

जोतीरामने पेढा लेथवरच्या कागदावर ठेवला आणि हात पुसले.

"पासष्टच्या लढाईत आमी एक ट्रक चिखलातनं वडत हुतो," तो म्हणाला. "वडायच्या हुकाची पिन म्या केल्याली. रातभर काम चाललं हुतं, घाई लय. खांद्यापाशी, जाडी बदलती तिथं, कोपरा तसाच सोडला. पिन तिथंच तुटली. तारंचा दोर उलटा आला आन् केरबाला लागला, जागीच गेला. माझ्याच गावचा. आमी एका दिवशी भरती झालो हुतो. चौकशी झाली. सायबानं लिवलं, लोखंड खराब. लोखंड चांगलं हुतं. म्या गप बसलो. नऊ वर्सं झाली, गप हाय. त्येच्या आयला तोंड दावलं न्हाई."

वर्कशॉपात दुसरे मशीन चालू होते. त्याचा आवाज एवढा वेळ मला ऐकूच आला नव्हता.

"तुमी लिवलंय, लोखंड चांगलं," जोतीराम म्हणाला. "त्येबी तसलंच. सायेब, तुमी न्हाई सांगितलं तर मी कागुद करून धाडतो. कोपरं जोतीरामनं मारलं म्हून."

तो खरेच धाडणार होता. मला धीर आला तो त्याच्या थोरपणामुळे, असे लिहायला मला आवडेल. खरे म्हणजे मला त्याच्यापुढे स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली की माझ्या आधी त्याचा कागद पोचेल.

आम्ही दोघे पोस्टात गेलो. मुंबईचा ट्रंक कॉल लागायला दीड तास लागला, आणि लागला तो असा की पलीकडे साहेब जणू विहिरीत बसले होते.

"सर, नळी बंद करू नका! खाचा चुकल्यात!"

"ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल."

"खाचा गोल झाल्यात! चूक माझी आहे!"

"कुणाची?"

"माझी! चूक माझी आहे!"

पोस्टात मनीऑर्डरीच्या रांगेत वीस-पंचवीस माणसे होती. त्यातल्या दोघांनी सत्काराच्या वेळचा माझा फोटो वर्तमानपत्रात पाहिला होता, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होते. साहेबांनी फक्त एकच विचारले, "खाचेचा तळ यंत्राखाली पाहिला होतास?" मी "नाही" म्हणून ओरडलो. मग ऑपरेटरबाई म्हणाल्या, तीन मिनिटे झाली.

नळी बंद झाली नाही. मला एक कडक मेमो मिळाला आणि बढती दोन वर्षे पुढे गेली. वडिलांना मी स्वतः सांगितले. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, मग म्हणाले, "अर्ज परत करायचाच होता तर आधी सही का केलीस?"

साठ तुकडे पुन्हा करायचे ठरले. साहेबांनी विचारले, सांगलीलाच का? मी म्हणालो, तो माणूस आता या कामातली चूक कधीच करणार नाही. फेब्रुवारीत मी आठ दिवस जोतीरामच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. या वेळी हार घातला नाही कुणी. त्याने हत्याराला धार लावली आणि पहिली खाच पाडली, धारदार, ड्रॉइंगप्रमाणे. मग अंगठा सवयीने खाचेकडे गेला आणि त्याने तो दुसऱ्या हाताने मागे ओढला. हे साठ वेळा झाले. साठाव्या वेळीही त्याच्या कपाळावर घाम होता. ते तुकडे पुढे भट्टीत गेले, मोडले, आणि पोलाद आम्हाला वाटले होते त्याहून जास्त ठिसूळ होते, हे त्यांनी आम्हाला वेळेवर सांगितले.

पण त्याआधीची एक गोष्ट. उरलेल्या पट्टीतून जोतीरामने एकसष्टावा तुकडा केला आणि म्हणाला, "ह्यो मोडल्याला मला बघायचाय." सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात असा हातोडा होता. प्रोफेसरांनी परवानगी दिली. गार पोलाद लवकर मोडते म्हणून तुकडा बर्फात गार केला, चिमट्याने ठेवला, हातोडा सोडला. टक्, आणि दोन अर्धे जमिनीवर. जोतीरामने ते उचलून मोडलेली बाजू उजेडात धरली. साखरेच्या दाण्यांसारखी चमकत होती.

"आशीच दिसली हुती ती पिन," तो म्हणाला. दोन्ही अर्धे त्याने खिशात घातले. मग विचारले, "वडूजची यष्टी कवा हाय?"

त्याने मला बरोबर चला म्हटले नाही, पण मी गेलो. वडूजहून पुढे तासभर चाललो. दोन्हीकडे ज्वारीची कापलेली राने होती. केरबाची आई बयाबाई ओसरीवर हुलगे निवडत बसली होती. डोळ्यांना कमी दिसत असावे, कारण जोतीराम अगदी पुढ्यात उकिडवा बसला तेव्हा तिने त्याचा चेहरा हाताने चाचपला.

"जोत्या व्हय रं?"

"व्हय मावशे."

त्याने दोन्ही अर्धे तिच्या सुपाशेजारी ठेवले आणि सगळे सांगितले. पिन, कोपरा, घाई, चौकशीचा कागद. एक शब्द गाळला नाही. बयाबाईने एक अर्धा उचलला आणि मोडलेल्या बाजूवरून बोट फिरवले.

"ह्ये कोन?" तिने माझ्याकडे मान वळवली.

"मुंबईचं सायेब हाईत."

"काय करत्यात?"

"लोखंड मोडतो, आजी," मी म्हणालो. "किती जोराला मोडतं ते बघायला."

तिने मान हलवली. कुणी गवंडीकाम करतो म्हणावे आणि ऐकणाऱ्याने मान हलवावी, तशी. मग जोतीरामला विचारले, "त्येला कळलं का रं? दुखलं का लय?"

"न्हाई मावशे. माझ्याकडं बघून हसत हुता. दोर आल्याला त्येला कळलाच न्हाई."

म्हातारीच्या हातातला तुकडा सुपात पडला. कितीतरी वेळ ती पदरात तोंड घालून बसली.

"मिल्ट्रीचा कागुद आला, सायेब लोक आलं, समदी आली," शेवटी ती म्हणाली. "येवढंच कुनी सांगितलं न्हाई. तू तिथं हुतास. नऊ वर्सं तू तकडं कोपरं घासत बसलास, आन् मी हितं तुजी वाट बघत."

मग तिने हुलग्यातून पोलादाचा तुकडा वेचून बाजूला ठेवला, सूप उचलले आणि म्हणाली, "हात धुवा दोगं. भाकरी टाकते."